जामीन कोण राहणार?

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण कंटकशोधनाचे आहे. राज्यात रुतून बसलेले काटे कसे उपटावेत ते त्यात सांगितले आहे. त्याच्या पहिल्या दोन अध्यायांत दोन नियम येतात, आणि ते सहसा एकत्र वाचले जात नाहीत. पहिला कारागिरांचा. कारागिराने लोकांची ठेव स्वीकारायची ती आपल्या श्रेणीच्या भरवशावर, आणि त्याच्यावर आपत्ती ओढवली तर त्या ठेवीचा भार श्रेणीने उचलायचा. दुसरा व्यापाऱ्यांचा. त्यांनी संगनमत करून माल अडवून धरला किंवा भलत्याच भावाने विकला, तर एक हजार पण दंड. एकाच व्यवसायातली माणसे एकत्र जमली की कौटिल्य त्यांना असे दुहेरी मापाने मोजतो. भाव ठरवायला जमलात तर तुम्ही काटा, आणि आपल्यातल्या एकाचे बुडीत भरून द्यायला जमलात तरच तुमच्या एकत्र येण्याला मान. कौटिल्य माणसाच्या चांगुलपणावर विसंबणारा लेखक नव्हता, म्हणूनच त्याची ही विभागणी मला महत्त्वाची वाटते. व्यक्तीला धर्म असतो हे आपण गृहीत धरतो; व्यावसायिकांच्या संघटनेला धर्म असतो का, असला तर तो ओळखायचा कशावरून, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. ती संघटना कोणासाठी आणि किती रकमेला जामीन राहते, एवढ्यावरून तो ओळखता येईल असे माझे म्हणणे आहे. हा निकष आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या श्रेणीला, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनला, लावून पाहू. तिचे कार्यालय कफ परेडला आहे. पण पुरावा शोधायला भांडुप, मुलुंड, बोरिवलीकडे यावे लागते.

अर्थशास्त्रातली ठेव म्हणजे घडवायला दिलेले सोने किंवा विणायला दिलेले सूत, तिचा बँकेशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. पण नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला लेख ही शंका पुरती फेडतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांतले दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेले एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंना चीवरे मिळायची. मुद्दल परत करायचे नाही, ते कायम राहायचे. याचे नाव अक्षयनीवी. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला, हेही लेखातच आहे. अशा अक्षयनीवींचे उल्लेख आपल्या बोरिवलीच्या डोंगरात, कान्हेरीच्या शिलालेखांतही आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी तिथे दाने दिली; पुढे नवव्या शतकात, शिलाहारांच्या अमलात, थेट गौड देशातून आलेल्या एका उपासकाने शंभर द्रम्म तिथल्या भिक्षूंच्या निवासासाठी आणि वस्त्रांसाठी ठेवले. उषवदाताला त्या विणकरांपैकी एकाचेही नाव लेखात कोरावेसे वाटले नाही, याकडे लक्ष द्यावे. त्याने विश्वास टाकला तो माणसांवर नाही, श्रेणीवर. आज मागावर बसलेला विणकर उद्या मरेल, श्रेणी मात्र व्याज देत राहील, हा त्यामागचा हिशेब आहे.

इथे तत्त्वज्ञानातली खरी अडचण उभी राहते. कर्माचे फळ कर्त्याला मिळते, असे आपल्याकडचे बहुतेक संप्रदाय मानतात. पण श्रेणीत कर्ता कोण? तिला जीव नाही, पुनर्जन्म नाही, पश्चात्ताप नाही. ठराव समितीचा, परिपत्रक सचिवाचे, अंमल शाखाधिकाऱ्याचा. पाप मग कोणाच्या खात्यावर मांडायचे? या युक्तिवादाचा शेवट नेहमी एकाच ठिकाणी होतो: संघटनेला कायदा लागू पडतो, धर्म लागू पडत नाही. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण ज्यांनी कान्हेरीत दाने स्वीकारली त्या परंपरेतच आहे. बौद्ध विचार व्यक्तीलाही नित्य आत्मा मानत नाही. माणूस म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा क्षणोक्षणी बदलणारा समुच्चय. तरीही तो आपल्या कर्माला बांधील असतो. काल कर्ज काढलेला माणूस आज मी तो नव्हेच असे म्हणून सुटत नाही. एकट्या माणसाची जबाबदारी जर आत्म्यावाचून टिकते, तर आत्मा नाही एवढ्या सबबीवर समूहाची सुटका कशी होईल? जबाबदारीला लागते ते सातत्य आणि दिलेल्या शब्दाची नोंद, आणि श्रेणीकडे ती दोन्ही व्यक्तीपेक्षा जास्तच असतात. दान घेणाऱ्या बाजूलाही हेच दिसते. लेण्यांतली दाने चातुर्दिश भिक्षुसंघाला दिलेली असत, म्हणजे चारी दिशांच्या, अजून तिथे न आलेल्या भिक्षूंनाही. ज्यांची तोंडे कधी दिसणार नाहीत अशा माणसांच्या वतीने घेणारा एक समूह आणि अशाच माणसांना देणे लागणारा दुसरा समूह, असा तो करार होता. इसवी सन ४६५ च्या इंदूर ताम्रपटात (हे इंदूर उत्तर प्रदेशातले) तेली श्रेणीने सूर्यमंदिराच्या दिव्याला कायम तेल पुरवायचे कबूल केले आहे, आणि श्रेणी गाव सोडून दुसरीकडे गेली तरी एकत्र आहे तोवर ही बांधिलकी सुटत नाही अशी अट आहे. याज्ञवल्क्य स्मृती तर समूहाचे द्रव्य लाटणाऱ्याला आणि समूहाचा करार मोडणाऱ्याला सर्वस्वहरण करून देशाबाहेर घालवायला सांगते. समूहाचा शब्द हा या मंडळींनी धर्माचाच विषय मानला होता.

आता आपल्या श्रेणीकडे येऊ. इंडियन बँक्स असोसिएशनची स्थापना २६ सप्टेंबर १९४६ ची, मुंबईतली. सुरुवातीला २२ बँका सदस्य होत्या. तेव्हा बँकांवर देखरेख करणारा समग्र कायदा नव्हता, तो १९४९ मध्ये आला. बँक बुडणे ही तेव्हा नवलाई राहिली नव्हती. १९१३ साली याच शहरातली इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली होती, आणि त्या काही वर्षांत देशभर बँका कोसळल्या होत्या. अशा पार्श्वभूमीवर जमलेल्या बँकांनी एकमेकींच्या ठेवीदारांना हमी द्यायचे ठरवले असते तर ते परंपरेला धरून झाले असते. तसे झाले नाही. असोसिएशन उभी राहिली ती बँकांच्या व्यवस्थापनांची प्रतिनिधी म्हणून. सरकारशी बोलणे, रिझर्व्ह बँकेशी बोलणे आणि पुढे कर्मचारी संघटनांशी बोलणे हे तिचे काम झाले. पगाराचा पहिला द्विपक्षीय करार १९ ऑक्टोबर १९६६ रोजी झाला. बारावा ८ मार्च २०२४ ला. लाखो बँक कर्मचाऱ्यांच्या घरचे अंदाजपत्रक या करारांवर चालते, तेव्हा हे काम लहान मानायचे कारण नाही. २००१ ची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना असोसिएशनचीच. रिझर्व्ह बँकेबरोबर तिने पुढाकार घेऊन २००८ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन उभे केले, आणि आज घाटकोपरचा भाजीवाला ज्या क्यूआर चौकटीवर पैसे घेतो ती तिथून आली. एवढे श्रेय देऊनही एक गोष्ट नजरेत भरते. या सगळ्या टेबलांभोवती ठेवीदाराला खुर्ची नाही. त्याच्याविषयी बोलले जाते, त्याच्याशी बोलले जात नाही.

रिकाम्या खुर्चीचा परिणाम काय होतो, ते सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात स्पष्ट दिसते. १९९१ मध्ये व्याजकर पुन्हा लागू झाला. बँकांना व्याजातून मिळणाऱ्या उत्पन्नावर तीन टक्के कर, आणि तो कर्जदाराकडून वसूल करायची कायद्याने मुभा. इथवर गैर काही नव्हते. पण बँकांनी हा बोजा व्याजदरात मिसळताना पुढच्या पाव टक्क्यापर्यंत वर ढकलला, आणि तसे करण्याचा सल्ला असोसिएशनच्या परिपत्रकाने दिला होता. उदाहरणादाखल, चौदा टक्के व्याजावर तीन टक्के कर म्हणजे ०.४२, तो ०.५० धरला की लाखाच्या कर्जावर वर्षाला ऐंशी रुपये जादा. ऐंशी रुपयांसाठी कोणता कर्जदार कोर्टात जाईल? असोसिएशन विरुद्ध देवकला कन्सल्टन्सी सर्व्हिस या खटल्यात न्यायालयाने २००४ मध्ये ही वसुली बेकायदा ठरवली. असंख्य कर्जदारांना शोधून पैसे परत करणे शक्य नव्हते, म्हणून ती रक्कम अपंगांच्या कल्याणाच्या निधीकडे वळवायचा आदेश झाला. मला या प्रकरणात लबाडीपेक्षा तिचा निरागसपणा जास्त बोचतो. कोणा एका बँकेने एकटीने असे केले असते तर तिच्या संचालकांपैकी एखाद्याला तरी ते खटकले असते. सगळ्यांनी मिळून, परिपत्रकानुसार, हिशेबाच्या सोयीसाठी केले, तेव्हा कोणालाच खटकले नाही. कोणत्या सेवेला किती शुल्क लावावे याचे दरही १९९९ पर्यंत असोसिएशन ठरवून देत असे. त्या काळी बहुतेक बँका सरकारी होत्या, व्याजदरही वरून ठरत, हे खरे आहे. पण कौटिल्याने भाव ठरवणाऱ्यांच्या दुसऱ्या यादीत असोसिएशनचे नाव घातलेच असते. अ‍ॅडम स्मिथनेही १७७६ साली एकाच धंद्यातल्या लोकांच्या बैठकांविषयी जवळजवळ हाच संशय बोलून दाखवला होता.

मग पहिली यादी, ठेवीची. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध घातले. बँकेचे मुख्यालय भांडुपच्या एका मॉलमध्ये. ठेवीदार नऊ लाखांहून अधिक, ठेवी अकरा हजार कोटींच्या वर, आणि पहिल्या दिवशी काढता येणारी रक्कम एक हजार रुपये. सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते, आणि ते लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली होती, असे पुढे आले. उपनगरांत या बँकेचे खाते असणे म्हणजे जुगार नव्हता. मुलुंड, अंधेरी, बोरिवलीतल्या कित्येक गृहनिर्माण संस्थांनी दुरुस्तीचा निधी सहकारी बँकांत ठेवलेला असतो, कारण सहकार कायद्याची दिशाच ती आहे. निवृत्त माणसाने अर्धा टक्का जास्त व्याज बघितले असेल, तर त्याला लोभी म्हणणे सोपे आहे. पण रिझर्व्ह बँकेचा परवाना, लेखापरीक्षकाचा शेरा आणि दारावरची बँक ही पाटी, हे तिन्ही त्याने वाचले होते. त्यापलीकडे सामान्य माणसाने काय वाचावे? जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची ठेव विम्यातून सुटली. त्यावरच्या रकमेचे हप्ते दहा वर्षांपर्यंत पसरले आहेत. शेवटचा २०३२ मध्ये. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेचा ऐंशी टक्के भाग बिनमुदतीच्या अग्रहक्क समभागांत बदलला गेला. इमारतीची गच्ची गळत असताना हातात समभाग. अक्षयनीवीचे याहून विद्रूप रूप सापडणार नाही: मुद्दल कायमचे ठेवलेले, पण देणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: बँका एकमेकींना जामीन आहेतच, ठेव विमा दुसरे काय आहे? आक्षेपात तथ्य आहे. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. १९९३ पासून ते एक लाख होते. पीएमसी प्रकरणानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, पाच लाख झाले. हप्ता बँका भरतात; तो २०२० पासून शंभर रुपयांमागे बारा पैसे होता, आणि चांगल्या-वाईट सगळ्या बँका एकाच दराने भरत आल्या. म्हणजे सशक्त बँक दुबळीचा भार उचलत होती, श्रेणीचे कर्तव्य नकळत पार पडत होते. पण हे कर्तव्य संसदेने लादलेले आहे, श्रेणीने स्वीकारलेले नाही. लादलेल्या कर्तव्यात माणूस हप्ता भरून मोकळा होतो; शेजारच्या बँकेत काय शिजते आहे याच्याशी त्याला देणेघेणे उरत नाही. स्वतः जामीन राहिलेला माणूस मात्र शेजारच्या दुकानात रोज डोकावतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जोखमीप्रमाणे हप्ता आकारायचे जाहीर केले. विम्याच्या शास्त्राने ते योग्यच आहे, पण त्यातून उरलासुरला श्रेणीभावही बाजूला पडेल, आणि प्रत्येक बँक आपल्यापुरती होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणी तरी भरून देणार हे माहीत असले की बेफिकिरी वाढते. प्रामाणिक बँकेने लुच्च्या बँकेचा दंड का भरावा? हा नैतिक आक्षेप आहे आणि त्याला मोडीत काढता येत नाही. पण प्रत्यक्षात काय होते तेही पाहावे. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि १८ मार्चला उठले. तेरा दिवस. स्टेट बँकेच्या पुढाकाराने इतर बँकांनी भांडवल घातले. आयसीआयसीआय बँकेने एकटीने एक हजार कोटी दिले. ठेवीदाराचा एक रुपया बुडाला नाही. म्हणजे श्रेणी भरून देऊ शकते, आणि देतेही, जेव्हा बुडणारा मोठा असतो आणि त्याच्याबरोबर आपणही हेलकावू अशी भीती असते. बेफिकिरी वाढेल हा आक्षेप तेव्हा कोणी फारसा काढला नाही. तो बाहेर येतो भांडुपच्या बँकेच्या वेळी. सामर्थ्य आहे, पण ते भीतीने हलते, कर्तव्याने हलत नाही, एवढाच याचा अर्थ.

हमीने बेफिकिरी वाढतेच असे नाही, याला जर्मनीचा दाखला आहे. १९७४ च्या जूनमध्ये कोलोनची हेरश्टाट बँक कोसळली. १९७६ मध्ये तिथल्या खासगी बँकांच्या संघटनेने स्वतःचा ठेव संरक्षण निधी उभा केला, आणि सदस्य बँकांची तपासणी करणारी तिची स्वतःची यंत्रणाही आहे. जो निधीत आहे त्याने आपली वही उघडी ठेवायची. हा निधी निर्दोष आहे असे नाही; अलीकडे त्याच्या मर्यादा कमी केल्या जात आहेत. पण व्यावसायिकांची संघटना हमी देते आणि हमीसाठी तपासणीही करते, हे पन्नास वर्षे चालू शकते, एवढे त्यातून दिसते. एमिल दुरखाइमने १९०२ मध्ये असे मांडले होते की राज्य फार दूर असते आणि कुटुंब फार लहान, म्हणून आधुनिक अर्थव्यवहाराला नीती पुरवायची तर ती व्यवसायसंघांनीच पुरवावी लागेल. स्मिथचा संशय आणि दुरखाइमची आशा परस्परविरोधी वाटतात. कौटिल्याच्या दोन नियमांत त्या दोन्ही शेजारी शेजारी बसतात, अट फक्त जामिनाची.

तिसरा आक्षेप असा की, असोसिएशन नियामक नाही आणि वैधानिकही नाही. ती ऐच्छिक संस्था आहे, तिच्याकडून एवढे का मागायचे? मला वाटते, ऐच्छिक आहे म्हणूनच मागायचे. ज्याला पर्याय नाही त्याचा धर्म पारखता येत नाही. काही नागरी सहकारी बँकाही तिच्या सदस्य आहेत, तेव्हा हा प्रश्न परक्या घराचा नाही. आणि सहकाराच्या घरात हालचाल दिसते आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, उपनगरांत पुन्हा रांगा लागल्या. पण १९१८ ची सारस्वत बँक पुढे आली आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून विलीनीकरण होऊन ठेवीदार सहा महिन्यांच्या आत मोकळे झाले. पीएमसीच्या ठेवीदाराने हे वाचून काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते. सारस्वतने हे केवळ परोपकार म्हणून केले असे मी म्हणत नाही; शाखा मिळाल्या, ग्राहक मिळाले. पण बुडत्याला धरणारा हात त्याच व्यवसायातून आला, आणि विम्याची पाच लाखांची रेघ ओलांडून आला. त्याआधी, २ मार्च २०२४ रोजी, देशातल्या सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांसाठी राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त आणि विकास महामंडळ सुरू झाले. त्याचे भांडवल सदस्य बँकांनी घालायचे, गरजेला रोकड त्याने पुरवायची, आणि स्वयंनियमनही त्यानेच करायचे. निवेदने देणारी संघटना आणि स्वतःचे पैसे गुंतवलेली संघटना यांत हा फरक आहे. ठेवीदाराला हमी मात्र अजून तिथेही नाही.

म्हणून असोसिएशन आणि हे महामंडळ या दोन्ही संस्थांच्या सदस्यत्वाच्या अटींत एक कलम सुचवावेसे वाटते. विम्याच्या पाच लाखांच्या वर, व्यक्तीसाठी आणि गृहनिर्माण संस्थेसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत, बुडालेल्या सदस्य बँकेची ठेव उरलेल्या सदस्यांनी प्रमाणशीर वाटून द्यावी. त्या बदल्यात प्रत्येक सदस्याची कर्जवही तपासायचा हक्क संघटनेला असावा, आणि तपासणी नाकारणाऱ्याचे सदस्यत्व जावे. मोठ्या बँका या कलमाला विरोध करतील, आणि त्यांचे भागधारक त्यांना पाठिंबा देतील. तो विरोध त्यांनी जाहीरपणे आणि लेखी नोंदवावा, उषवदाताने आपला व्यवहार निगमसभेत नोंदवला तसा. म्हणजे मुलुंडच्या ठेवीदाराला खाते उघडण्यापूर्वी तो वाचता येईल.